लाल लोकरीने बांधलेली पानं

मी एक कादंबरी बोलतेय. खुनाची कादंबरी आहे, पण घाबरू नका, माझ्यात रक्ताचा थेंबसुद्धा नाही. पहिल्या प्रकरणात एका बेटावरच्या चर्चमधला गाणी बसवणारा मास्तर केक खाता खाता टेबलावर डोकं टेकून मरतो. दुसऱ्या प्रकरणात गावातले लोक तो एक केक सोडून बाकीचे सगळे केक संपवतात. आमच्या जातीच्या कादंबऱ्या अशाच असतात. गाव लहान, कॉफी गरम, मेलेला माणूस कोणाला फारसा न आवडणारा. आणि शेवटी गुन्हेगार सापडतो म्हणजे सापडतोच.

माझा जन्म छापखान्यात झाला तेव्हा ईस्टर जवळ आला होता. नॉर्वेत ईस्टरला लोक डोंगरावर जातात, संत्री सोलतात आणि खुनाच्या गोष्टी वाचतात. का, ते कोणी विचारत नाही. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यावरसुद्धा चोर ओळखायची चित्रकथा छापलेली असते. दुकानाच्या दारातच आमचा ढीग रचला होता. तुरून नावाच्या एका मुलीने मला उचललं. मुखपृष्ठावरचं मांजर आणि कॉफीचा कप बघून ती एकटीच हसली आणि मला पाठपिशवीत, संत्र्यांच्या मधे, खुपसलं.

तिच्या पाठीवर बसून मी डोंगर चढले. वर त्यांचं लाकडी घर होतं. वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून आणायचं. तिथल्या फळीवर माझ्यासारख्या आधीच्या कादंबऱ्या ओळीने बसल्या होत्या. दर ईस्टरला एक. त्या घराचा नियम त्यांनीच मला सांगितला. वर आलेलं पुस्तक परत खाली जात नाही. शहरातल्या दिव्याखाली वाचलं की खुनाची मजा जाते, असं तुरून म्हणायची. म्हणजे आत आलीस ती आलीसच, असं त्या म्हणाल्या. मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं.

तुरूनचा धाकटा भाऊ सेव्हात. त्याचीही गोष्ट मला फळीवरच कळली. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे जागा बदलत, म्हणून शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो लाकडं कापायच्या गिरणीत लागला. तुरूनने पहिल्यांदा पुस्तक आणलं तेव्हा तो म्हणाला होता की सुट्टीत पुस्तक म्हणजे जेवताना दात काढून घेण्यासारखं आहे. घराच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ लावून ती आईला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. हा जरा लांब बसून बर्फावर घसरायच्या स्कीला मेण लावत होता. त्या दुपारी त्याने एकाच स्कीला चारदा मेण लावलं. संध्याकाळी लाकडं आत आणताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की गोष्टीतल्या त्या माळ्याच्या बुटांना चिखल का नव्हता.

झालं. तेव्हापासून तो अडकला.

नंतर त्याची घाई आवरेना. कोणी मारलं ते आत्ता सांग, म्हणून तो तिच्या मागे लागायचा. एकदा ती पाणी आणायला गेली असताना तो शेवटचं प्रकरण उघडून बोटाने एकेक अक्षर लावत बसलेला तिला सापडला. त्या दिवशी तिने विणायला घेतलेल्या हातमोज्याची लाल लोकर तोडली आणि शेवटची पानं करकचून बांधून टाकली. तीच मग त्या घराची रीत झाली. नवीन कादंबरी आली की आधी तिचं शेवटचं प्रकरण बांधायचं. शनिवारी तिघांनी आपापला संशयित सांगायचा, आणि ईस्टरच्या रविवारी तुरूनने गाठ सोडायची.

सेव्हातचा अंदाज दर वर्षी बरोबर यायचा. आईचा दर वर्षी चुकायचा. तो मग दिवसभर छाती काढून फिरायचा आणि म्हणायचा, "मम्मा, तू आपली मोजे विण. हे डोक्याचं काम आहे."

मलाही बांधलं. पहिल्या दिवशी जरा गुदमरल्यासारखं झालं, पण रविवार काही लांब नव्हता. तुरूनचा आवाज छान होता. पोस्टातून निवृत्त झालेली माझी म्हातारी आगोत, तिचं आळशी मांजर, पाद्र्याची शिष्ट बायको, गोडगोड बोलणारा बेकरीवाला, सगळ्यांना तिने निरनिराळे आवाज दिले. सेव्हात मांजराच्याच आवाजाला जास्त हसायचा. शनिवारी ती शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीपर्यंत आली. आगोतने सगळ्यांना आपल्या बैठकीच्या खोलीत बोलावलंय, कॉफी ओतलीये, बोट वर केलंय आणि म्हणतेय, "तुमच्यापैकी एक जण."

तिथे तुरूनने मला मिटलं.

सेव्हात म्हणाला, बेकरीवाला. आई म्हणाली, पाद्र्याची बायको. तुरून नुसतीच हसली.

रविवारी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. उन्हाने असेल, असं तीच म्हणाली. आईने कॉफी दिली. सेव्हातने चेष्टा केली की हिला गुन्हेगार माहीत नाही म्हणून नाटक चाललंय. मग ती चुलीपाशी वाकली आणि तिच्या हातातलं लाकूड खाली पडलं. त्यानंतर धावपळ, फोन, बर्फावरून आलेल्या गाडीचा आवाज. दार लावून सगळे गेले. मी खिडकीच्या कट्ट्यावर राहिले.

मी वाट पाहिली. बर्फ वितळलं, गवत आलं, गेलं, पुन्हा बर्फ खिडकीच्या वर चढलं. आतमध्ये माझी माणसं तशीच बसून होती. आगोतचं बोट वर, कॉफी गार, पाद्र्याच्या बायकोच्या मांडीवर पर्स, बेकरीवाल्याच्या कपाळावर घाम. कोणाला उठता येईना, कोणाला बोलता येईना. पुस्तकाला हसू येतं का, रडू येतं का, ते मला माहीत नाही. पण पानं बांधलेली असताना श्वास पुरत नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. उंदरांनी इतर पुस्तकांचे कोपरे कुरतडले, तेव्हा मी मनात म्हणायची, अरे, जरा इकडे या, ही लोकर कुरतडा. ते आले नाहीत.

पुढच्या ईस्टरला दार उघडलं. आई आणि सेव्हात, दोघंच. त्यांच्या पिशवीत संत्री होती, पण नवीन पुस्तक नव्हतं. त्यावरूनच मला कळलं की तुरून आता येणार नाही.

सेव्हात दिवसभर लाकडं फोडत राहिला. दोन हिवाळे पुरतील इतकी लाकडं फोडली त्याने. रविवारी आईने मला खिडकीतून उचललं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं. तो आत आला आणि त्याने झडप घालून मला ओढून घेतलं.

"ते बांधलेलंच राहणार," तो म्हणाला.

आई म्हणाली, "मीही तिथेच बसले होते, सेव्हात. मीही ऐकत होते. वर्षभर त्या पाद्र्याच्या बायकोला घेऊन फिरतेय मी डोक्यात."

"तिने सोडायचं होतं. ती सोडेल तेव्हा सुटेल."

"बाळा, ती..."

"माहितीये मला." त्याचा आवाज चढला. "पण हे सुटलं की संपलं ना. मग तिचं काहीच बाकी राहत नाही. आणि याच्यात तर कोणीतरी सापडतं, मम्मा. दर वेळी सापडतं. आपल्याकडे कोण? डॉक्टर म्हणतात शीर फुटली. त्या शिरेला जाऊन धरू का मी? कोणाला धरू?"

त्याने चुलीचं दार उघडलं. आतला जाळ माझ्या मुखपृष्ठावर आला, मांजराच्या मिशा तापल्या. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. निदान लोकर तरी जळेल.

आई जागची हलली नाही. तिने विणकाम हातात घेतलं.

"जाळायचं तर जाळ," ती म्हणाली. "पण आधी मला सांग, मास्तरला मारलं कोणी. मी साठ वर्षांची आहे. मला हे न कळता मरायचं नाही."

तो तसाच उभा राहिला. मग चुलीचं दार लागलं आणि तो जमिनीवर बसला. ओल धरून गाठ दगडासारखी झाली होती. आई म्हणाली, चाकू घे. त्याने मान हलवली. नखांनी, दातांनी, शेवटी जेवायच्या काट्याने तो ती गाठ उकलत राहिला. अखेर लोकर सुटली आणि माझी पानं फुगून वर आली.

तो वाचायला लागला. ओळीखाली बोट, मधेच थांबणं, शब्द उलटा लागला की शिवी, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याने कोणालाही वेगळा आवाज दिला नाही. आगोत, पाद्री, मांजर, सगळी गिरणीतल्या माणसासारखी बोलली. आई ऐकत होती. त्याला एका वाक्याला लागायचा तेवढ्या वेळात तिच्या सुईवर एक ओळ होई. पण माझी माणसं उठली. कॉफीचे कप खाली ठेवले गेले. आगोतचं बोट फिरलं आणि पाद्र्याच्या बायकोवर येऊन थांबलं.

सेव्हातने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं.

"चुकलंय हे," तो म्हणाला. "बेकरीवाला पाहिजे. मी कधीच चुकत नाही."

आई मोज्याची टाच वळवत होती. तिने मान वर केली नाही, हेच त्याने पाहिलं.

तो उठला. फळीवरून त्याने पहिली कादंबरी काढली, माळ्याची. शेवटचं प्रकरण उघडलं, बोट ठेवलं. बराच वेळ लागला. मग दुसरी काढली. मग तिसरी. जमिनीवर आमचा सडा पडला. माळ्याच्या गोष्टीत गुन्हेगार त्याने ओळखलेला माळी नव्हताच, डॉक्टर होता. नावाड्याच्या गोष्टीत त्याने पकडलेला नावाडी निर्दोष होता. फळीवरच्या त्या म्हाताऱ्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. रहस्य राखणं आमच्या रक्तातच असतं.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या वर्षी ती झोपल्यावर मी शेवटचं प्रकरण वाचून बघितलं," आई म्हणाली. "माझाच अंदाज बरोबर होता. सकाळी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, मम्मा, तू आपली हरत जा. तो एवढा ऐकतोय ते बघ ना. ऐकताना तो उठून जात नाही."

सेव्हात पुस्तकांच्या मधे बसून राहिला. आधी मला वाटलं, आता आम्हाला सगळ्यांनाच चुलीत घालतो. त्याच्या हाताची मूठ झाली होती. मग ती सैल पडली.

"म्हणजे पानावर बघत बघत," तो म्हणाला, "तिथल्या तिथे सगळं फिरवायची? पुरावे, कबुलीजबाब, सगळं?"

"बेकरीवाल्याचा कबुलीजबाबही तयार असणार तिच्याकडे."

"चोरटी," तो म्हणाला. "अट्टल चोरटी." आणि तो रडायला लागला. वर्षभर लाकडं फोडणाऱ्या माणसाला रडायची सवय राहत नाही. फार ओबडधोबड आवाज येतो. आईने विणकाम खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने त्याला विचारलं, की बेकरीवाल्याने मास्तरला का बरं मारलं असेल. तो नाक पुसत म्हणाला की कारण साधं आहे, मास्तर त्याला कधी गाऊ देत नव्हता. मग ते दोघं बराच वेळ त्याच खुनाचा तपास करत बसले. माझ्यात छापलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आता ते खाली गेले आहेत. खिडक्यांना फळ्या लागल्या आहेत, बाहेर बर्फ आहे, आणि मी इतर म्हाताऱ्यांच्या ओळीत बसले आहे. लोकर सुटली तरी मी सुटले असं म्हणवत नाही. घराचं मला काही वाटत नाही, त्याची सवय झाली आहे. मी अडकले आहे ती शाईत. माझ्यातली पाद्र्याची बायको दर वेळी पकडली जाणार, बेकरीवाला दर वेळी सुटणार. समोर बसलेल्या माणसाची छाती फुलते आहे की ऊर भरून येतो आहे, हे बघून मला एक अक्षरही इकडचं तिकडे करता येत नाही. तुरूनला येत होतं.

म्हणून एवढंच मागते. तुम्ही कोणाला काही वाचून दाखवत असाल, तर पानावरची नजर मधेमधे वर करा. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघा. आणि मगच पुढचं वाक्य वाचा.