हवालदारांची छत्री

"वर चढ की," रावजी हवालदार खालून म्हणाले. "तिथनं काय दिसनार हाय तुला?"

कुशाबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता आणि तिथेच बरा होता. वर ती टीव्हीची छत्री होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, बारा फूट रुंद, खळ्याच्या कडेला लोखंडी खांबावर बसवलेली. उपग्रह जवळजवळ डोक्यावरच असल्यामुळे ती उताणी पडल्यासारखी आभाळाकडे बघत होती.

कुशाबा आणखी एक पायरी चढला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

माणूस मुळातच भित्रा. कुत्र्याला भिणारा, घाटाच्या वळणांना भिणारा, आणि गंमत म्हणजे विजेलाही भिणारा. महाडच्या बाजारपेठेत पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, पण चालू यंत्रात उजवा हात घालायचा तर डावा आधी खिशात जायचा. एकच हात आत असला की करंट काळजातून जात नाही, असं वस्तादानं शिकवलं होतं. वस्ताद गेले, पण डावा हात खिशातच राहिला. भीती वाटली की तो आपोआप तिथे जाई, मग समोर वीज असो वा नसो.

आज तर भीतीची रांगच लागली होती. काल एसटीच्या कंडक्टरच्या हाती हवालदारांची चिठ्ठी आली होती, 'टीव्ही बंद आहे, ये.' छत्री आणि टीव्ही यांच्यामधला उपग्रहाचा खोका कुशाबाने जन्मात उघडला नव्हता. पण फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारांना नाही म्हणायला जी छाती लागते ती त्याच्यापाशी नव्हती. म्हणून पोलादपूरला गाडी बदलून तो आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या या खडकवाडीत येऊन पोचला होता.

या डोंगरांच्या आड मुंबईचं चित्र यायचं नाही. म्हणून हवालदारांचा मुलगा हैबती, पलटणीत नाईक होता, त्याने दोन वर्षांपूर्वी रजेवर आला असताना मुंबईहून ही छत्री आणि खोका आणून बसवला होता. बाबांनी सव्वीस जानेवारीची परेड घरबसल्या बघावी, एवढीच त्याची हौस. सहा महिन्यांपूर्वी पुन्हा रजेवर येऊन गेलेला हैबती आता शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता आणि दीड महिना त्याचं पत्र नव्हतं. वाडीतली दुसरी दोन पोरं सैन्यात होती, पण ती उत्तरेकडे, सुखरूप. लंकेत गेलेला एकटा हैबतीच. तेव्हा रोज जेवणवेळेला सगळी वाडी हवालदारांच्या खळ्यात येऊन हिंदी बातम्या ऐकत बसे. चार दिवसांपूर्वी चित्र गेलं आणि वाडी बेचैन झाली. आज बातम्या लागल्याच पाहिजेत, असं येणारा-जाणारा कुशाबाला बजावून जात होता.

डोळे उघडून तो आणखी दोन पायऱ्या चढला आणि त्याला बिघाड सापडला. छत्रीच्या पोटात जुनं धोतर पसरलेलं आणि त्यावर दोन शेर सुकट. शेजारच्या ठकूबाईला विचारलं तर तिने सरळ कबूल केलं. ऊन वर चांगलं लागतं आणि मांजर चढत नाही, असं तिचं म्हणणं. कुशाबाला हायसं वाटलं. सुकट उतरवली, जाळी पुसली, आणि खळ्यात जमलेल्या वीसेक माणसांना त्याने सांगितलं, झालं काम.

टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

"सुकट तर म्हैनाभर घालते मी," ठकूबाई म्हणाली. "तवा येत व्हतं चित्र."

माणसं हसली. हवालदार हसले नाहीत. एका बाजूला तोंड करून ते पडवीच्या खांबाशी उभे होते.  सगळी वाडी एका गोष्टीची वाट बघतेय आणि ती आपल्याला येत नाही, हे आता कुशाबाला कळून चुकलं. डावा हात खिशात गेला.

मग रेडिओत जे करायचा तेच त्याने केलं. एका टोकापासून सुरुवात. खोक्याला वीज येते का? येते. फ्यूज बघितला, तो गेलेला. नवा घातला, तोही गेला. फ्यूज उगाच जात नाही, कुठेतरी तारेला तार शिवतेय. खोक्यातून छत्रीपर्यंत एकच जाड काळी वायर जात होती. तिच्या पोटात तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर बारीक जाळी. तार आणि जाळी एकमेकींना शिवता कामा नये. त्याने वायर दोन्ही टोकांना सोडवली आणि मीटर लावला. काटा शून्यावर जाऊन पडला, म्हणजे आत कुठेतरी तार जाळीला शिवलेलीच.

म्हणजे खोका चांगला, छत्री चांगली. दुखणं वायरीत. कुशाबाचा जीव जरा थाऱ्यावर आला, कारण वायर त्याला कळत होती.

तोवर उन्हं डोंगराआड गेली होती आणि माणसं गुरं बांधायला पांगली होती. चिमटीत वायर धरून तो हाताहाताने पुढे सरकत गेला. खळं, अंगण, पडवीचा वासा. पडवीत वायर तुळईमागून गेली होती. तिथे, डोक्याच्या वर, पाऊस लागणार नाही आणि कोणाची नजरही जाणार नाही अशा जागी, बोटाला बारीकसं टोचलं.

त्याने नखांनी धरून ओढलं. सुई निघाली. गोधडी शिवायची, चांगली जाड. नेढ्यात लाल दोऱ्याचं टोक अजून होतं. वायरीच्या मधोमध, आरपार, कोणीतरी जाणून टोचलेली.

कुशाबाने वायरीच्या टोकाशी येऊन पुन्हा मीटर लावला. काटा हलला नाही. दुखणं गेलं होतं, पण त्याची नजर सुईतल्या दोऱ्यावरून हटेना. लाल दोरा त्याने सकाळीच बघितला होता. हवालदारांची सून मंजुळा, सातव्या महिन्यातली, माजघराच्या दाराशी बसून लाल दोऱ्याने दुपटं शिवत होती. आता हवालदारांना काय सांगायचं? या घरात आज काय होईल? सुई त्याने मुठीत झाकली.

"सुई हाय ना?" मागून आवाज आला.

हवालदार होते. पडवीत दुसरं कोणी नव्हतं.

"सुनेची नजर चुकवून मीच घेतली," ते म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत फोनची लाइन टाकायचो मी. दुश्मनाची लाइन कशी मारायची ते शिकवलं व्हतं आमाला. तोडलेली तार लगेच घावते. टोचलेली घावत नाय."

 पुढचं हवालदारांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बातम्यांत नाव कधी सांगत नाहीत, आकडा सांगतात. आज इतके जवान. आकडा आला की खळ्यातल्या सगळ्या माना एकदम मागे वळतात आणि माणसं दारात बसलेल्या मंजुळाच्या कपाळाकडे बघतात. कुंकवाकडे. वाईट मनाने नाही बघत, पण बघतात. आणि ती पोर मान खाली घालून शिवत राहते.

"गोळीला मी भ्यालो नाय कधी," हवालदार म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की कुशाबाला पुढे वाकावं लागलं. "ह्या मानांना भितो. रोज दुपारपासनं हातपाय गार पडतात माजे. वाडीनं लकडा लावला म्हनून तुला बोलावलं. तू असं कर. पार्ट मुंबईवरनं आनायला लागंल म्हन. खोका घेऊन जा. माजं नाव सांगू नको."

चालणारं यंत्र मेलंय असं कुशाबाने आजवर कधी सांगितलं नव्हतं. वीस माणसांत आधीच शोभा झाली होती, आता सगळ्या खोऱ्यात त्याचं नाव जाणार होतं. पण ज्याच्या धाकाने तो शिडीवर चढला होता तो माणूस त्याच्याहून जास्त घाबरलेला होता, आणि ते बघून त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने मान डोलावली. सुई खिशात टाकली आणि खोका जुन्या पोत्यात गुंडाळायला घेतला.

"दादा, ऱ्हावू द्या तो."

मंजुळा दारात उभी होती. किती वेळ, ते कोणास ठाऊक. सासऱ्यांपुढे एरवी ती चार शब्द बोलत नसे. आताही ती त्यांच्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघून बोलली.

"मामंजी, चार दिस झाले, सुई मी शोधत न्हवते. कुटं गेली ते ठावं व्हतं मला."

हवालदारांनी खांबाला हात टेकला.

"टीवी व्हता तवा मानसं एकदाच बघायची," ती म्हणाली. "आता सकाळधरनं बघतात. पान्याला गेले तरी बघतात, काय कळलं का, काय आलं का. आकडा आयकला की त्या दिसाचं भ्या त्या दिसाला सरायचं. आता ते सरतच नाय. मला भ्या वाटतं, मामंजी. तुमच्यावानीच वाटतं. पन मला आयकू द्या."

 गोठ्यात म्हैस साखळी वाजवत होती. हवालदार आत गेले, हंड्यातून तांब्याभर पाणी घेऊन उभ्यानेच प्यायले आणि बाहेर आले.

"लाव, कुशाबा," ते म्हणाले.

त्याने टोचलेल्या जागी काळी पट्टी गुंडाळली, वायरीची टोकं बसवली, नवा फ्यूज घातला. मुंग्या आल्या, त्या लाटेसारख्या हलल्या, आणि मग एका बाईचा चेहरा स्पष्ट झाला. वाडीत हाकाटी झाली. ताटावरून उठून माणसं आली. ठकूबाई पुढच्या रांगेत बसली आणि मेस्त्री हुशार आहे असं तिने दोघीतिघींना सांगितलं. कुशाबाला त्याचं काहीच वाटलं नाही. परतीची गाडी गेली होती. तो माजघराच्या दाराशी, मंजुळाच्या बाजूला उभा राहिला. ती मांडीवर दुपटं घेऊन बसली होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते.

हवालदारांची खुर्ची रोज पहिल्या रांगेत असे. आज ती त्यांनी स्वतः उचलली आणि टीव्हीच्या शेजारी नेऊन ठेवली, पडद्याकडे पाठ करून. पलटणीचा जुना हिरवा स्वेटर घालून ते खळ्याकडे तोंड करून बसले. माणसं जरा चुळबुळली. खुर्ची उलटी का, असं विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

बातम्या सुरू झाल्या. दिल्लीचं काही झालं, मग शेतीचं. मग शांतिसेना हा शब्द आला आणि खळ्यातली कुजबूज थांबली. कुशाबाचा डावा हात खिशात गेला.

आकडा सांगितला.

ठकूबाईची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली. बाकीच्यांच्याही थोड्या थोड्या हलल्या आणि परत आल्या, कारण वळायच्या आधी प्रत्येकाला समोर हवालदार दिसत होते. एकेकाच्या तोंडाकडे ते सरळ बघत होते. कुशाबाला सगळ्यात लाज याची वाटली, की त्याची स्वतःचीही मान वळायला लागली होती. त्याने समोर बघितलं तर हवालदारांचे डोळे त्याच्यावरच होते. त्या डोळ्यांत धाक नव्हता. नुसती भीती होती आणि सगळ्या वाडीसमोर ते ती झाकत नव्हते.

खिशात काहीतरी टोचलं. कुशाबाने हात बाहेर काढला. चिमटीत सुई होती. मान न वळवता त्याने हात बाजूला खाली नेला आणि ती मंजुळापुढे धरली. तिच्या गार बोटांनी ती घेतली.

पडद्यावर आता हवामान सांगत होते. मंजुळाने जुना दोरा काढला आणि नवा ओवायला घेतला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला.