नाव न सांगणाऱ्यांचा कप्पा

शाहूपुरीतल्या एका मोटारपंपांच्या दुकानात यशराज कामाला होता. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायला तो बिचके. म्हणून त्याने इंटरनेटवरची एक फुकट सेवा घेतली. ओळखीचा नंबर असला तरच फोन वाजे. अनोळखी असला, तर बाईचा एक गोड, यांत्रिक आवाज म्हणे, ‘कृपया आपले नाव सांगा.’ जो नाव सांगत नसे, त्याचे बोलणे एका कप्प्यात मुकाट साठून राही. तो कप्पा यशराजने कधी उघडला नव्हता.

खोलीत आता हवी तेवढी शांतता होती. पुढे ती नको तेवढी झाली. राधानगरीकडे दिलेल्या आक्काचा, आईमागे त्याला वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीचा, फोनसुद्धा येईनासा झाला. विसरली असेल, असे म्हणून तो मनातल्या मनात रुसून बसला.

एका रविवारी सेवेने कळवले की कप्पा भरत आला आहे. सगळे पुसून टाकण्यापूर्वी त्याने सहज एक निरोप लावला.

‘अगं, मी हाय की! नाव काय सांगायचं? नवा नंबर घेतलाय. यशाला दे.’

आक्का! घरच्या माणसाला आपले नाव सांगायचे, हे तिच्या कल्पनेतही नव्हते.

दुसऱ्या निरोपात ती कुजबुजत होती, ‘पोरी, तू कोण गं? लाजू नगंस. मी न्हाय कुणाला सांगत.’

पुढे पुढे तिने यशराजला बोलवायचेच सोडले होते. ‘त्याला कारलं आवडत न्हाय, पण वाढलंस तर गपगुमान खातोय. ताप आला तरी सांगायचा न्हाय. कपाळाला हात लावून बघत जा.’ आणि शेवटी, ‘आता मला घोर न्हाय बघ. तू हाईस की त्याच्याजवळ.’

यशराजने खोलीभर नजर फिरवली. दोरीवर एक शर्ट वाळत होता. मोरीत एकच ताट होते. खरे सांगावे, तर तिचा गेलेला घोर आपल्याच हाताने परत द्यायचा. कितीतरी वेळाने त्याने तिचा नवा नंबर लावला.

‘यशा! हळू बोल. ती जवळच हाय व्हय?’

‘कोण न्हाय, आक्का. ते मशीन हाय. फुकटातलं.’

पलीकडे गोठ्यात म्हैस रेकली.

‘मग एवढं सगळं ऐकलं कुणी?’

‘मी. आज.’

‘कारल्याचं बी?’

‘व्हय.’

तिने नाक ओढले. ‘मग बोल की आता, मुडद्या!’

यशराज भिंतीला टेकून खाली बसला. फोन त्याने ठेवला नाही.