माझ्यात नसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी, चहाचे डाग पडलेली पुस्तिका आहे. माझ्यात अख्ख्या बोत्स्वानाची राज्यघटना आहे. केबोनांग मास्तरांनी मला पहिल्या पगारातून विकत घेतलं. तेव्हा माझा काय थाट होता! गुरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून दोन शिपाई एका म्हातारीच्या झोपडीत शिरायला निघाले, तर मास्तरांनी माझं नववं कलम त्यांच्या नाकासमोर धरलं. उगाच कुणाची अंगझडती घेऊ नये, सामान उचकटू नये, परवानगीशिवाय घरात पाऊल टाकू नये. शिपाई मुकाट्याने मागे फिरले. त्या दिवसापासून मी स्वतःला फार मोठी समजू लागले.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मी कपाटावर धूळ खात पडले. मग एके सकाळी ओनालेन्ना आली. ही शाळेत पोरांसाठी ज्वारीची लापशी रांधणारी. दवाखान्यातून एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या नेणाऱ्यांची यादी संगणकात असते. त्या यादीचा कुणीतरी फोटो काढला आणि तो फोनाफोनांवरून गावभर फिरला. यादीत हिचं नाव. आता पोरांच्या आया म्हणत होत्या, हिच्या हातचं नको. हिला ठेवायचं की काढायचं, ते शाळा शुक्रवारी ठरवणार होती.

"मास्तर, तुमच्या त्या पुस्तकात बघा ना," ती म्हणाली. "असं करता येत नाही, असं कुठंतरी लिहिलं असेलच की."

मास्तरांनी मला झटकलं आणि नववं कलम तीनदा वाचलं. तिच्या घरात कुणी शिरलं नव्हतं. सामान जागच्या जागी होतं. फक्त तिची माहिती गेली होती, आणि माहितीबद्दल माझ्यात एक अक्षर नव्हतं. मला लिहिलं तेव्हा असले फोन कुठे होते? पण ही सबब तिच्या काय कामाची? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात राज्यघटनेत काय बदल हवेत हे विचारायला राजधानीहून माणसं आली. खोट्लात, म्हणजे गावसभेच्या अंगणात, सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन जमले. मास्तर मला हातात धरून उभे राहिले. घराला जसं संरक्षण आहे तसं संगणकातल्या माहितीलाही द्या, म्हणाले. अध्यक्षबाईंनी विचारलं, इथे कुणाचं असं नुकसान झालंय का. मास्तरांनी ओनालेन्नाचं नाव सांगावं तर पुन्हा तिचाच बोभाटा. आमच्याकडची रीत अशी, की जे सांगायचं ते ज्याचं त्याने उभं राहून, आपलं नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. म्हणजे गुपित राखा म्हणायला आलेल्या बाईने आधी ते गुपित फोडायचं! मास्तरांच्या घामाने माझी पानं ओली झाली.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. डोक्यावरचा रुमाल नीट करून ओनालेन्ना उभी राहिली.

"मी ओनालेन्ना. गोळ्या मी घेते. आज हे मी माझ्या तोंडाने सांगतेय. त्या दिवशी मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच लिहून घ्या."

खोट्लात बोलणाऱ्याला मध्येच तोडत नाहीत. तिलाही कुणी तोडलं नाही. पण पुढच्या रांगेत एक फोन वर झाला, मग दुसरा. मास्तरांनी धावत जाऊन मला त्या फोनांसमोर आडवं धरलं. केवढीशी मी, किती झाकणार?

तिचं म्हणणं त्यांनी लिहून नेलंय. ती ओळ माझ्यात कधी येईल, येईल की नाही, मला ठाऊक नाही. माझा जीव टांगणीला लागलाय. मित्रांनो, तोवर एवढं करा. दुसऱ्याचं काही तुमच्या फोनवर आलं, तर ते पुढे पाठवू नका. परवा शुक्रवार आहे, आणि यादीचा तो फोटो अजून फिरतोच आहे.