सायलेन्सर बसणारं पिस्तूल

नाटकांचे कपडे आणि सामान भाड्यानं देणाऱ्या ताराबाईंच्या ड्रेपरीच्या दुकानातल्या सायलेन्सरनं सकाळी आठ वाजता मनोहर कुरण्यांच्या चपलांचा आवाज गिळला. ताराबाईंनी पहिल्या पिस्तुलाला सायलेन्सरची नळी लावली, चाप ओढला, आणि संपलं. मनोहर दोन पावलं मागं गेले, पुन्हा पुढं आले. काहीच वाजलं नाही.

"हे लहान पडतंय," ताराबाई म्हणाल्या. "चपलांवर भागलं त्याचं."

"मग चपलांचा आवाज?"

"तो गेला आता. गोळी उडाली की आतला आवाज संपतो."

मनोहर म्हणजे मिरजेच्या नाटक मंडळाचे बार देणारे. बावीस वर्षं रंगमंचावर कुणीही कुणालाही गोळी घालो, विंगेत लाकडी फळी आपटायचे ते मनोहरच. नट पिस्तुलाकडं बघतसुद्धा नसत, बार ऐकला की पडत. एकदा फळी चुकून आधी आपटली, तेव्हा मरणाऱ्यानं वाक्य अर्ध्यात टाकून प्राण सोडला होता. मंडळात अजून ते हसून सांगतात. यंदा मात्र दिग्दर्शकानं स्पर्धेसाठी सायलेन्सरवाल्या खुनाचं नाटक काढलं. बार नाही. आणि तसलं पिस्तूल निवडून आणायला धाडलं कुणाला, तर मनोहरांना. ही थट्टा की मान, त्यांना कळेना. मुकाट्यानं पिशवी घेऊन निघायचं एवढंच त्यांना येत होतं.

दुसऱ्या पिस्तुलानं पंख्याची घरघर घेतली. पंखा फिरत राहिला, पण तेवढ्या आवाजावर नळी सैलच राहिली.

"अकराचा प्रयोग आहे ना? मग हे तिसरं बघा. ह्याला माणसाचा आवाज लागतो," असं म्हणत ताराबाईंनी लांब नळीचं काळं पिस्तूल उचललं आणि सायलेन्सर फिरवायला घेतला.

तेवढ्यात दारात शालन आली. मनोहरांची बायको. लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. एका 'अहो'तच राग, काळजी आणि जेवायची वेळ सगळं भागायचं.

"अहो, चष्मा विसर—"

नळी घट्ट बसली. शालनचे ओठ हलत राहिले. तिनं गळ्याला हात लावला, मग नवऱ्याकडं पाहिलं.  ताराबाईंचं बोट चापावर जात होतं, मनोहरांनी त्यांचं मनगटच धरलं.

"उडवू नका. काढा ती नळी."

"आता निघायची नाही. एका प्रयोगापुरती धरते, पडदा पडला की सोडते. तोवर उडवलं नाहीत तर ज्याचं त्याला परत मिळेल." ताराबाईंनी पिस्तूल कागदात गुंडाळलं. "नको असेल तर ठेवून जावा. साडेनवाला दुसरी पार्टी येतेय. ते तर उडवणारच."

मनोहरांनी पिस्तूल पिशवीत घातलं.

थिएटरवर दिग्दर्शकानं ते त्यांच्या हातातून घेतलं. "झकास. पडद्यावाल्याला सांगून ठेवलंय, चाप ओढताना दिसला की पडदा सोडायचा."

"चाप न ओढता नाही का चालणार, सर?"

"मग खून कसा व्हायचा, कुरणे?"

मनोहर विंगेत गेले. तिथं त्यांची जुनी फळी भिंतीला टेकून उभी होती. आज तिचं काम नव्हतं, तरी त्यांनी ती उचलली. चापाआधी बार दिला तर मरणारा सवयीनं मरेल, मेलेल्याला गोळी कोण घालतो? प्रेक्षकांत पहिल्या रांगेत तिघं परीक्षक होते. त्यांच्यामागं चष्म्याचं घर हातात घेऊन शालन एकटीच बसली होती.

खुनी झालेल्या नटानं पिस्तूल रोखलं. बोट हललं. मनोहरांनी फळी आपटली. शेठजी झालेला नट नेहमीसारखा छातीवर हात ठेवून पडला.

खुनी गोंधळला. चाप ओढायचा राहिला होता, म्हणून त्यानं नोकरावर पिस्तूल रोखलं. मनोहरांनी पुन्हा फळी आपटली. नोकर पडला. पडद्याचा दोर धरलेला माणूस हे बघत होता. पुढच्या बाराला तोही दोर सोडून पडला. आता पडदा पाडायला कुणी नव्हतं.

"अरे, ओढ की," समोरच्या विंगेतून दिग्दर्शक म्हणाला आणि पुढच्या बाराला पडला.

फळी हातात घेऊनच मनोहर रंगमंचाकडं धावले. पिस्तूल हिसकावून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. पण चपलांना आवाज नव्हता, त्यामुळं अंतर कमी होईना. ते धावत होते आणि विंगेतच होते. खुनी त्यांच्याकडं बघतही नव्हता. त्याची नजर प्रेक्षकांत गेली.

पिस्तूल तिकडं वळलं, मनोहरांनी फळी आपटली, पहिला परीक्षक पडला. मग दुसरा. तिसरा पडताना त्याच्या मांडीवरचे कागद घसरले.

शालन उभी राहिली. तिला मनोहर दिसले. एवढ्या लांबूनही तिच्या ओठांवरचा 'अहो' त्यांना स्वच्छ वाचता आला, आणि त्यांना रडू आलं.

खुन्याचं बोट चापावर वळलं. मनोहरांच्या हातातली फळी वर होती. आपटली तर शालन पडणार, न आपटली तर तिचा आवाज जाणार.