बंद दारामागची टकटक

‘गाळ’ हा अल्बम आल्यापासून स्नेहाचं जेवणावर लक्ष नव्हतं. सहा गाणी आणि सहाही गाण्यांचे काळोखे, सिनेमासारखे व्हिडिओ. प्रत्येकात काळा रेनकोट घातलेला तोच माणूस, आणि कुठेच त्याचा चेहरा नाही. चौथ्या गाण्यात नदीकाठचं एक घर होतं, ओसरीवर निळं दार, दाराला बाहेरून कडी. तीन मिनिटं बारा सेकंदांनी संगीत एकदम थांबायचं आणि त्या दारामागून आवाज यायचा. टक टक टक. मग टक टक.

‘गाळ उपसणारे’ नावाच्या ग्रुपवर या पाच टकटकींवरून दोन महिने चर्चा चालली होती. ग्रुप इगतपुरीच्या हर्षलचा. तो रेल्वेत नोकरीला होता आणि सुट्टीचा सगळा वेळ यातच घालवायचा. त्याचं म्हणणं, दारामागे प्रेत आहे. स्नेहा गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, एकदा आलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. तिला वाटायचं, प्रेत टकटक कशाला करेल? आत जिवंत माणूस आहे.

एक दिवस लॅबमध्ये डबा खाताना शेजारी बसलेल्या प्रतिभाताईंनी तिच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं.

“अगं, हे आमच्या सायखेड्याचं रंगूमावशीचं घर. मागच्या वर्षी शूटिंगवाले आले होते की!”

रविवारी स्नेहा स्कूटी काढून सायखेड्याला गेली. दार तेच, निळं. कडीही बाहेरून घातलेली. ओसरीवर सत्तरीची एक बाई मेथी निवडत होती.

“कोण पाहिजे?”

“आजी, इथे गाण्याचं शूटिंग झालं होतं ना? मी ते बघायला आले.”

“बघायला?” रंगूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. “महेशनं धाडलं का तुला?”

“कोण महेश?”

“त्यानं धाडलेले समदे असंच इचारत्यात.”

तेवढ्यात दारामागून आवाज आला. टक टक टक. टक टक.

स्नेहा दाराकडे सरकली. “आत कोण आहे?”

“कोनी नाय. जा तू.”

“आजी, दार उघडा. नाहीतर मी लोकांना हाका मारते.”

रंगूबाईंनी मेथी बाजूला ठेवली. मग पदराला हात पुसून उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

आत खाटेवर एक म्हातारा पडला होता. उजवं अंग लुळं, डाव्या हातात स्टीलचा पेला. तो पेला खाटेच्या लोखंडी पाइपवर आपटला की आवाज व्हायचा. स्नेहाने सवयीने सगळं तपासून पाहिलं. चादर स्वच्छ, दाढी केलेली, पाठीला कुठे जखम नाही, गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवलेल्या.

“आमचं मालक, सावळीराम,” रंगूबाई पाणी पाजता पाजता म्हणाल्या. “लकवा मारला. शूटिंगच्या वक्ताला महेशनं सांगितलं, म्हाताऱ्याला आत ठेव, आवाज नको. दोन दिस बिचारे पेला वाजवत व्हते.”

महेश हा पुतण्या. एकदा रंगूबाई डेअरीत दूध घालायला गेल्या असताना तो स्टॅम्पपेपर आणि शाई घेऊन आला होता, चुलत्याचा अंगठा घ्यायला. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी, आणि रंगूबाई बाहेर गेल्या की कडीला कुलूप.

स्नेहाने गाण्याचा तो भाग लावला. सावळीरामांनी कान दिला आणि अर्ध्या तोंडाने हसले. “पाणी... मागत... व्हतो.”

निघताना रंगूबाई म्हणाल्या, “गावाचं नाव कोनाला सांगू नको. शप्पथ घे.”

तिने शपथ घेतली. संध्याकाळी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की तो एक आजारी आजोबांनी पाणी मागितल्याचा आवाज आहे, मी स्वतः पाहून आले, कुठे ते विचारू नका.

“पुरावा?” हर्षलने लिहिलं. “की तू त्यांच्याच टीमची आहेस? आम्ही जवळ पोचलो म्हणून खोटं पसरवायला सोडलंय तुला?”

त्याखाली पन्नास जणांनी लाइकचे अंगठे टाकले. स्नेहाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने निघताना काढलेला निळ्या दाराचा फोटो टाकला. दहा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं, की कोपऱ्यात डेअरीची पाटी आली आहे आणि पाटीवर गावाचं नाव. फोटो काढून टाकला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बुधवारी हर्षल तिघांना घेऊन सायखेड्यात हजर. रंगूबाई डेअरीत होत्या. बाहेरून कडी-कुलूप आणि आतली टकटक असा व्हिडिओ गावभर फिरला. महेशला आयतंच सापडलं. काकू काकांना कोंडून ठेवते, म्हणून तो पोलीस चौकीत गेला.

प्रतिभाताईंनी सांगितलं तशी स्नेहा अर्धी रजा टाकून पोचली. ओसरीवर गर्दी होती. आत एक महिला हवालदार खाटेजवळ उभी होती आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला महेशच उत्तर देत होता.

“मॅडम, त्यांनाच बोलू द्या,” स्नेहा दारातून म्हणाली. “वेळ लागतो, पण बोलतात.”

“ही कोण?” महेश खेकसला.

हवालदाराने त्याला हाताने गप्प केलं. सावळीरामांनी बराच वेळ ओठ हलवले.

“कडी... मीच... सांगितली.” मग डावा हात महेशकडे गेला. “ह्यो... अंगठा... मागतो.”

हवालदाराने जबाब लिहून घेतला. महेशला चौकीत यायला सांगितलं. रंगूबाईंनाही बजावलं, आग लागली तर माणूस आत मरेल, कुलपाची एक किल्ली शेजारी दे. स्नेहानेही पाहिलं ते सगळं लिहून सही केली.

गर्दी पांगल्यावर रंगूबाईंनी विचारलं, “फोटू तूच टाकला ना?”

“हो आजी. माझं चुकलं.”

रंगूबाई मेथीची जुडी उचलून आत गेल्या.

स्नेहाने ग्रुप सोडला. तिथे आता असं ठरलं होतं, की म्हातारा नट आहे आणि हवालदारही खोटी. ती मात्र दर दुसऱ्या रविवारी बीपीचं मशिन घेऊन सायखेड्याला जाते. सावळीराम तिला बघून हसतात. रंगूबाई आधी तिचा फोन मागून घेतात, बाहेर ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवतात, आणि तिचं काम संपेपर्यंत दारातून हलत नाहीत.