कापड लाईनीतला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पुसदच्या जुन्या कापड लाईनीत, एका दुकानाच्या ओट्यावर, भिंतीला टेकून उभा आहे. माझी चौकट सागवानी, तिच्यावर कोरलेले दोन मोर. सुताराने ते मन लावून कोरले. नंतर ज्यांच्या हाती मी पडलो, त्यांनी मन लावून काही केल्याचे मला आठवत नाही.

एके काळी मी आत, गादीसमोर होतो. फुलसावंगीहून लोक लग्नाचा बस्ता बांधायला येत. नवऱ्या मुली खांद्यावर शालू टाकून माझ्यात पाहत आणि लाजत. पुढे दुकानात काचेची दारे आली, प्लास्टिकचे पुतळे आले. पुतळ्यांना डोकीसुद्धा नव्हती, तरी त्यांना आत जागा मिळाली आणि मला बाहेर काढले. आता लोक माझ्यासमोर दातांतली सुपारी कोरतात, पुटकुळ्या फोडतात. अशी तोंडे दिवसभर पाहून माणसांबद्दल माझे मत काही चांगले राहिलेले नाही. मालक पंजाबराव यांच्याबद्दल तर नाहीच. हा गृहस्थ रोज माझ्यात पाहून मिशा सारख्या करतो, पण काच पुसायचे कष्ट घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी दिपाली नागपूरहून आपली वर्गमैत्रीण साधना हिला घेऊन आली. साधना राजूरची. दिपाली तिला सगळी लाईन दाखवत होती.

"हे खांब पाह्य! हा सज्जा पाह्य! जुन्या काळी इथं राजे खरेदी करत."

कुठले राजे? मी तर एकही पाहिला नाही. मोबाईल नाचवत बडबडणारी पोरगी, बापाचीच लेक, असे मी मनात म्हटले.

"चाल ना आत, काहून थांबली?"

साधना पायरीखालीच उभी होती. "माही आजी आलती इथं, रुखमाबाई. लग्नाचं पांढरं लुगडं घ्याले, बापासंग. आमच्यात नवरी पांढरंच नेसे. तिले आत येऊ दिलं नाही. रस्त्यावर उभं ठेवलं अन् लुगडं वरून फेकलं. ती सांगे, मोराचा आरसा दुरूनच दिसला."

मला ती आठवली. धुळीतून लुगडे उचलून छातीशी धरणारी मुलगी मी दारातून पाहिली होती.

गल्ल्यावरून पंजाबराव हसले. "आपल्या इथं असं कधीच नव्हतं, बेटा. कोणीतरी चुकीचं सांगितलं तुले."

गिऱ्हाइकाला कापडाचा रंग पक्का म्हणून सांगावे, तितक्या सहज! मला तोंड असते तर मी थुंकलो असतो.

"बाबा, खोटं कायले बोलता?" दिपाली म्हणाली. "आजोबा हिच्या समाजाच्या लोकायले आत घेत नव्हते, हे तुम्हीच तर घरी हसून सांगता."

पंजाबराव घडी घातलेल्या कापडाचीच पुन्हा घडी घालू लागले. मी त्या मुलीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. मोबाईल पर्समध्ये टाकून ती पायरी उतरली.

"आजीले घेऊन ये, साधना. मी नेईन तिले आत."

"आजी नाही राह्यली आता. दिवाळीच्या आधीच गेली."

दिपालीने साधनाचा हात धरला. दोघी तशाच रस्त्यावर उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझी काच पुसा असे मी म्हणणार नाही. ते तुमच्याच्याने व्हायचे नाही. पण पाहुण्याला जुनी पेठ दाखवाल, तेव्हा नुसते खांब दाखवू नका. तिथे कोणाला बाहेर उभे ठेवले, तेही सांगा. आणि त्यांच्यातले कोणी अजून हयात असेल, तर आजच त्यांच्या दारी जा.