देवीचा कान

निवृत्ती भगताचं डोकं चोराने दगडाने ठेचलं, तरी म्हाताऱ्याची मूठ सुटली नाही. पेठकडच्या पाड्यावरचा देवीचा पुरातन काशाचा मुखवटा चोराने हिसडून नेला. तुटलेला कान तेवढा मेलेल्या मुठीत राहिला.

दोन महिन्यांनी मुखवटा नाशकात गौरांग नावाच्या व्यापाऱ्याकडे सापडला. तेजाबाने लख्ख घासलेला, नवा कान जोडलेला. "आजोबांपासून आमच्या घरात आहे," गौरांग म्हणाला. धातूतल्या शिशावरून तो कुठल्या खाणीचा हे ओळखणाऱ्या, इंदिरानगरच्या मृण्मयीकडे तपासणी आली.

मुखवट्याचा नमुना खोल भोक पाडूनच आला होता. पाड्यावरून आणलेला कान मात्र पोलिसांनी पुसून अख्खाच पाठवला. तिचा मंगळवारचा उपवास होता. तिने कानाला नमस्कार केला, पण गिरमिट लावायला हात धजेना. देवीच ती! वरवर खरवडून भुकटी घेतली. निकाल आला: शिसं वेगळं, म्हणजे कान या मुखवट्याचा नाही.

गौरांग ठाण्यातून सुटून हसत बाहेर पडला. पायरीवर निवृत्तीचा मुलगा हिरामण होता.

"काय रे, भेटली का तुझी देवी?"

हिरामणने शर्टाखालून कोयता उपसला. पहिल्या वारात गौरांगची तीन बोटं पायरीवर पडली, दुसरा वार खांद्यात रुतला. तिसऱ्यासाठी हात उठला, तशी शिपायाची काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज, निकाल घेऊन आलेल्या, दारातल्या मृण्मयीने ऐकला. तिच्या साडीवर रक्त उडालं.

हिरामणची आई चिमणाबाई पायरीजवळच होती. नुसती लुगड्याला अंगठा पुसत राहिली. अंगठा शेंदराने माखलेला.

"मावशी, कानालाही शेंदूर लावत होतात?"

"रोज. पोलिसांनी नेला त्या सकाळीबी."

शेंदरात शिसं असतं. मृण्मयीने देवीचं नव्हे, बाजारच्या शेंदराचं शिसं मोजलं होतं.

"चूक माझी आहे, मावशी. कानाला खोल भोक पाडावं लागेल."

"पाड. माझ्या धन्याच्या डोक्याला पाडलं, तवा कुनी इचारलं नाय. बाईमानसाचा कान टोचला म्हून ती मरत नाय."

आतला धातू मुखवट्याशी तंतोतंत जुळला. दवाखान्याच्या खाटेवरच गौरांगला बेड्या पडल्या. दगड आपणच घातल्याचं त्याने कबूल केलं. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून हिरामणही तुरुंगात गेला.

कान परत न्यायला आलेल्या चिमणाबाईने भोकावरून बोट फिरवलं.

"पयल्याच दिशी टोचला असता, तर पोरगा माझा घरी असता ना, ताई?"

मृण्मयीने मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.